चोरावर हत्यार उचलण्याचा हक्क: तो कधी सुरू होतो आणि कधी संपतो

आपल्या विहिरीवरची पाण्याची मोटार आणि केबल वर्षभरात दोनदा चोरीला गेली, तक्रार देऊनही माल मिळाला नाही, म्हणून आता आपण आणि आपले धाकटे बंधू रात्री जागलीला जाता आणि वडिलांच्या नावावरची बारा बोअरची बंदूक सोबत नेता, असे आपण लिहिले आहे. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: चोर दिसला तर गोळी झाडता येईल का, तोच चोर घरात शिरला तर कायदा बदलतो का, आणि कुंपणाच्या तारेत करंट सोडून ठेवला तर काय होईल. जिल्हा न्यायालयात तीस वर्षे फौजदारी वकिली करताना हे तिन्ही प्रश्न मला अनेकदा विचारले गेले, पण बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर. आपण आधी विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

नुसत्या मोटारीसाठी माणसाचा जीव घेण्याचा हक्क कायदा देत नाही. घराच्या बाबतीत हक्क वाढतो, पण लोक समजतात तितका वाढत नाही. करंटच्या तारेला तर बचावाचे नावसुद्धा देता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेतील कलम ९६ ते १०६ मधील खाजगी बचावाच्या हक्काच्या तरतुदी आता कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. आशय जवळजवळ तोच असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाचे जुने निवाडे आजही तितकेच उपयोगी पडतात. या तरतुदींचे मूळ १८३७ मध्ये मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने तयार केलेल्या मसुद्यात आहे. या हक्कावर फार बंधने घालण्यापेक्षा लोकांमध्ये प्रतिकाराची धमक यावी, अशी इच्छा त्या मसुद्याच्या टिपणात स्पष्टपणे व्यक्त केलेली आहे. त्यामुळे आपला कायदा भ्याडपणा शिकवतो, ही चावडीवरची तक्रार मला पटत नाही. हल्ला झाल्यावर आधी पळून जाण्याचा प्रयत्न केलाच पाहिजे, अशी अट आपल्या कायद्यात नाही.

तरीही या हक्काला कलम ३७ चे दोन खुंट आहेत आणि खटल्यात सगळे त्यांच्याभोवतीच फिरते. पहिला असा की, पोलिसांसारख्या सार्वजनिक यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ असेल, तर हक्क मुळात उद्भवतच नाही. दुसरा असा की, बचावासाठी जितकी इजा करणे आवश्यक आहे, त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. पुढच्या कलमांमध्ये मृत्यू घडवण्यापर्यंतचा जो हक्क सांगितला आहे, तोही या दोन मर्यादांच्या आतच आहे. लोक ती यादी वाचतात आणि कलम ३७ वगळतात, आणि माझ्या कचेरीत येणाऱ्या निम्म्या गैरसमजांचे मूळ तिथेच असते.

शरीराच्या बचावासाठी मृत्यू घडवण्यापर्यंतचा हक्क कधी मिळतो ते कलम ३८ सांगते. हल्ल्यामुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटत असेल, हल्ला बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक कृत्याच्या उद्देशाने असेल, पळवून नेण्यासाठी असेल, कोणाची मदत मागता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी असेल, किंवा ॲसिड फेकले जात असेल वा तसा प्रयत्न होत असेल, तर तो हक्क आहे. ॲसिडचा प्रसंग २०१३ च्या दुरुस्तीने जोडला गेला. हा हक्क स्वतःपुरता मर्यादित नाही. भावाच्या, शेजाऱ्याच्या किंवा अनोळखी माणसाच्या बचावासाठीही तो वापरता येतो.

मालमत्तेच्या बाबतीत कायदा अधिक सावध आहे. कलम ४१ नुसार चारच प्रसंगी मृत्यू घडवण्यापर्यंत जाता येते. जबरी चोरी हा पहिला आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी हा दुसरा. राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या इमारतीला आग लावणे किंवा ती स्फोटकाने उडवणे हा तिसरा. चौथ्यात साधी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेची मुद्दाम नासधूस) किंवा घरात बेकायदा शिरणे येते, पण त्या वेळची परिस्थिती अशी असली पाहिजे की प्रतिकार न केल्यास कोणाचा तरी मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती वाटावी. या चारांत न बसणाऱ्या चोरीसाठी कलम ४२ लागते आणि तिथे मृत्यू सोडून इतर इजा करण्यापर्यंतच मुभा आहे.

आता आपली विहीर पाहू. उघड्या विहिरीवरून रात्री कोणी मोटार सोडवत असेल तर ती चोरी आहे, घरफोडी नव्हे, कारण फोडायला घर किंवा माल ठेवण्याची इमारत असावी लागते. तीच मोटार आणि स्टार्टर आपण विटांच्या, कुलूप लावलेल्या खोलीत ठेवले असतील आणि चोराने कुलूप तोडले असेल, तर ती मालाच्या साठवणीची इमारत ठरते आणि घरफोडीचे कलम पुढे येते. हा फरक कागदावर मोठा दिसतो. प्रत्यक्षात न्यायाधीश पुन्हा कलम ३७ कडे वळतात आणि विचारतात की, खोलीत दोन हात तारेत गुंतवून बसलेल्या, हत्यार नसलेल्या माणसाला थांबवण्यासाठी छातीवर गोळी झाडणे आवश्यक होते का. घरफोडी रात्रीची होती म्हणून जीव घेतला तरी चालतो, असा सरळ हिशेब न्यायालय करीत नाही.

चोरी जबरी चोरीत कशी बदलते, तेही नीट समजून घ्या, कारण रात्रीच्या शेतात हा बदल क्षणात होतो. चोरी करण्यासाठी किंवा चोरलेला माल घेऊन जाण्यासाठी चोराने दुखापत केली, अडवून ठेवले किंवा तत्काळ मृत्यूची वा दुखापतीची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते. मोटार खांद्यावर घेऊन निघालेल्या चोराने तुमच्या भावावर कोयता उगारला, तर प्रसंग कलम ४१ मध्ये जातो आणि कोयता असल्यामुळे बहुधा कलम ३८ मध्येही. मात्र माल जागेवर टाकून पळणाऱ्याने केवळ सुटका करून घेण्यासाठी ढेकूळ फेकले, तर ती जबरी चोरी नाही. तेव्हा आपण चोराच्या हातात काय पाहिले, तो कोणत्या दिशेने निघाला होता आणि माल त्याच्याजवळ होता की नाही, या तीन गोष्टींवर पुढे सगळा खटला उभा राहतो.

माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हक्काच्या व्याप्तीपेक्षा त्याचा कालावधी ही आहे. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो, प्रत्यक्ष घाव बसण्याची वाट पाहावी लागत नाही. मार्च १९५० मध्ये कटनी येथे दंगल झाली. जमावाने अमजद खान या दुकानदाराच्या भावाचे शेजारचे दुकान लुटले आणि मग त्याच्या दारावर लाठ्या हाणायला सुरुवात केली. त्याने आतून बंदूक चालवली आणि त्यात माणूस मेला. नागपूर उच्च न्यायालयापर्यंत तो दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये त्याला निर्दोष सोडले. हा निवाडा न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा होता, आणि ते स्वतः नागपूरच्या न्यायालयातूनच दिल्लीला गेलेले होते. जमाव दार फोडून आत येईपर्यंत थांबण्याची गरज नव्हती, हा त्या निवाड्याचा गाभा आहे.

जसा हक्क लवकर सुरू होतो, तसा तो धोक्यासोबतच संपतो. जय देव विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६२ मध्ये हे अतिशय स्पष्टपणे मांडले. संकटात सापडलेल्या माणसाच्या मनाची अवस्था लक्षात घेऊन त्याला काही सवलत दिलीच पाहिजे, हे त्यांनी मान्य केले, पण पळणाऱ्या आणि दूर गेलेल्या माणसांवर झाडलेल्या गोळ्यांना बचाव म्हणण्यास नकार दिला. शेतातील प्रकरणांमध्ये मी जे पराभव पाहिले, त्यांत पहिल्या फटक्यामुळे झालेले फार थोडे आहेत. चोर पडतो, त्याच्या हातातले हत्यार दूर जाते, आणि त्यानंतर वर्षभराचा राग त्याच्या अंगावर निघतो. शवविच्छेदनात पाठीमागून झालेल्या जखमा, किंवा जमिनीवर पडलेल्या माणसाच्या डोक्यावर एकाच जागी बसलेले तीन घाव दिसले, की वकिलाकडे युक्तिवाद करायला फारसे काही उरत नाही.

इथे चोरीच्या बाबतीतला एक बारकावा सांगितला पाहिजे. कलम ४३ नुसार चोर माल घेऊन निसटून जाईपर्यंत, किंवा सरकारी मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत मालमत्तेच्या बचावाचा हक्क चालू राहतो. म्हणजे माल घेऊन पळणाऱ्याचा पाठलाग करून तो हिसकावून घेता येतो आणि त्यासाठी आवश्यक तेवढे बळही वापरता येते. पण ती चोरी साधीच असेल तर हे बळ मृत्यू घडवण्यापर्यंत जाऊ शकत नाही. पायावर काठी मारणे आणि डोक्यात कुऱ्हाड घालणे यांतला फरक कायद्याला इथेच अपेक्षित आहे. पकडलेल्या चोराला बांधून रात्रभर मारहाण करण्याचा तर प्रश्नच नाही. तुमच्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला तुम्ही स्वतः पकडू शकता, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्याला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. गावाने गस्त घातली तरी हेच लागू आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. संशय आणि वाजवी भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जमावात ही सीमा फार लवकर पुसली जाते.

मग बचाव करणाऱ्याने अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत हे सगळे तोलत बसायचे काय? नाही. सोन्याच्या तराजूत बळ मोजण्याची अपेक्षा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा म्हटले आहे. देव नारायण विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात समोरच्यांनी लाठ्या वापरल्या होत्या आणि आरोपीने छातीत भाला मारला. लाठीला भाल्याने उत्तर देणे जास्त झाले, हे उच्च न्यायालयाचे मत सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारले नाही, कारण डोक्यावर बसलेली लाठीही जीव घेऊ शकते. २०१० मध्ये दर्शन सिंग प्रकरणात न्यायालयाने जुन्या निवाड्यांचा आढावा घेऊन या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली आणि वडिलांवर धारदार शस्त्राने हल्ला होताना गोळी झाडणाऱ्या मुलाला निर्दोष ठरवले. सूड आणि बचाव यांत न्यायालय जो भेद करते, तो शस्त्राच्या आकारापेक्षा क्षणाच्या निकडीवर अवलंबून असतो.

मर्यादा ओलांडली तर थेट खुनाची शिक्षा होते असेही नाही. सद्भावाने, पूर्वनियोजन न करता, आणि बचावाला लागते त्यापेक्षा अधिक इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर न्याय संहितेच्या कलम १०१ मधील दुसऱ्या अपवादानुसार तो खून न राहता सदोष मनुष्यवध होतो. हेतुपुरस्सर कृत्य असेल तर कलम १०५ खाली जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षे कैद व दंड, आणि केवळ मृत्यूच्या शक्यतेची जाणीव असेल तर १० वर्षांपर्यंत कैद व दंड, अशी तरतूद आहे. माझ्या अनुभवात बरीच प्रकरणे निर्दोष सुटका आणि खून या दोहोंच्या मधल्या या पट्ट्यातच येऊन थांबतात. म्हणून हक्क होता की नव्हता इतकाच प्रश्न विचारून चालत नाही.

आपल्या बंदुकीबद्दल स्पष्ट लिहितो. शस्त्र परवाना घराचा नसतो, व्यक्तीचा असतो. वडिलांच्या परवान्यावरची बंदूक घेऊन आपण किंवा आपले बंधू जागलीला गेलात, तर चोर येवो न येवो, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आधीच झालेला आहे. पुढे जीव वाचवण्यासाठीच गोळी झाडावी लागली, तर खुनाच्या आरोपातून बचावाचा हक्क आपल्याला सोडवू शकेल, पण बेकायदा शस्त्राचा आरोप स्वतंत्रपणे उरेल आणि आपण घरूनच तयारी करून निघाला होता, असा युक्तिवाद सरकारी वकिलाला आयता मिळेल. ती बंदूक आज रात्रीपासून घरी ठेवा. काठी, चांगला उजेड देणारी बॅटरी, सोबत एक-दोन माणसे आणि मोबाइलमध्ये ११२ क्रमांक, एवढ्यावर जागल करा. पोलिसांना फोन केल्याची वेळ नोंदली जाते आणि ती नोंद पुढे आपली साक्षीदार होते. कलम ३७ मधील वेळ होता की नव्हता या प्रश्नाचे त्याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

घटना घडलीच तर नंतरचा पहिला तास निर्णायक असतो. पोलीस बहुतेक वेळा खुनाचा गुन्हा नोंदवून अटक करतात, कारण अपवादात बसते की नाही हे शेवटी न्यायालयात ठरते. याने खचून जाऊ नये. बचावाचा हक्क दाखवण्याचा भार भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १०८ नुसार आरोपीवर असला, तरी तो सरकार पक्षाइतका कडक नाही. घटना तशी घडली असण्याची शक्यता अधिक आहे इतके दाखवले तरी पुरे, आणि तेही सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतून दाखवता येते. मात्र आरोपीच्या अंगावरील जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर त्याचा फायदा आरोपीला मिळू शकतो, आणि हा फायदा मिळण्यासाठी त्या जखमांची नोंद मुळात व्हायला हवी. खरचटले असले तरी वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरा. कपडे धुऊ नका, पडलेला कोयता उचलू नका, पंचनामा होईपर्यंत कोणालाही जागेवर फिरू देऊ नका. आणि खोटे बोलू नका. काही वर्षांपूर्वी माझ्या एका पक्षकाराने घाबरून प्रथम सांगितले की, तो त्या रात्री शेतात नव्हताच. नंतर साक्षीदारांनी त्याला ओळखले. बचावाची खरी हकिगत मांडण्याची वेळ आली, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. घाबरला असाल तर वकील येईपर्यंत गप्प राहणे हा आपला घटनात्मक हक्क आहे, पण जिथे होतो तिथे नव्हतो असे सांगणे हा हक्कही नाही आणि शहाणपणही नाही.

घरात शिरणाऱ्याबद्दल थोडे अधिक. टेक्सासच्या कायद्यात रात्रीची चोरी रोखण्यासाठी काही अटींवर प्राणघातक बळ वापरता येते आणि तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्याकडची मुले तोच नियम इथेही आहे असे समजतात. आपल्याकडे रात्रीच्या घरफोडीत चोर घरात असेपर्यंत हक्क चालू राहतो, कारण झोपलेल्या कुटुंबात मध्यरात्री शिरलेला माणूस काय करील हे कोणालाच ठाऊक नसते, आणि न्यायालये ही भीती सहसा समजून घेतात. पण तो खिडकीतून बाहेर उडी मारून अंगण ओलांडून पळू लागला, की घरफोडीपुरता हक्क उंबऱ्यावर संपतो. आणखी एक: अंधारातली सावली चोराचीच असते असे नाही. घरात शिरण्याचा हक्क असलेल्या माणसाला चुकून चोर समजून हल्ला केला, तर त्यालाही प्रतिकाराचा पूर्ण हक्क आहे, असे उदाहरण खुद्द कायद्याच्या पुस्तकात दिलेले आहे. आधी आवाज द्या.

राहिला करंटचा प्रश्न. विदर्भात रानडुकरांसाठी मुख्य लाइनवरून तारेत थेट वीज सोडण्याची वाईट सवय जुनी आहे आणि तिच्यात वाघांपासून शेजारच्या शेतकऱ्यापर्यंत सगळे मेले आहेत. बिहारमधील चेरुबिन ग्रेगरी प्रकरणात एका माणसाने आपल्या शौचकुपाचा वापर शेजाऱ्यांनी करू नये म्हणून तिथे उघड्या तारेत वीज सोडली आणि एक स्त्री मरण पावली. मालमत्तेच्या बचावाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फेटाळला. आगंतुक माणूस बेकायदा शिरला म्हणून त्याच्या जिवाला किंमत उरत नाही असे नाही, ही त्या निवाड्यातील भूमिका आहे. त्यामागचे कारण साधे आहे. तारेला समोर कोण आहे हे कळत नाही. हातात कोयता असलेला चोर, लघवीला थांबलेला वाटसरू आणि चेंडू शोधायला आलेले पोर, तिघांनाही तिचा एकच झटका बसतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल आता न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो, आणि लोक येतात-जातात हे माहीत असताना वीज सोडली असेल तर सदोष मनुष्यवधाचे कलमही लागू शकते. पिकासाठी कुंपण हवेच असेल, तर मर्यादित झटका देणारे, बाजारात मिळणारे झटका मशीन बसवा, पाटी लावा, आणि मोटार मात्र खोलीत, पक्क्या कुलपाआड ठेवा.